देठासकट वांगं

तीस वर्षं तिसरीच्या वर्गाला ठसेकाम शिकवलेल्या बाईला ग्रीटिंग कसं करायचं हे कुणी सांगू नये! बटाटा, कांदा, भेंडी, पपई... मसाक्याच्या बाजारात मिळणारी अशी एक भाजी नाही की जी माझ्या सुरीखालून जाऊन कागदावर उमटलेली नाही. तपासणीला साहेब यायचे तेव्हा हेडमास्तर त्यांना आधी माझ्या वर्गात आणायचे. साहेब भिंतीवरची कार्डं बघून "वा!" म्हणायचे आणि जाताना चार काढून घेऊन जायचे. पगारवाढ कधी दिली नाही त्यांनी, पण कार्डं न्यायला एकदाही विसरले नाहीत!

म्हणून माझ्या भाचीचा, रेस्टीचा, क्वांजुला ठरला आणि तिला मागणी घालायला मुलाकडचे सत्तर लोक आमच्या अंगणात येणार असं नक्की झालं, तेव्हा मी भावाला सांगूनच टाकलं.

"देओ, प्रत्येक पाहुण्याच्या खुर्चीवर एक ग्रीटिंग ठेवायचं. हातानं केलेलं. मी करणार."

देओ माझा धाकटा भाऊ, रेस्टीचा बाप. बायको गेल्यापासून तो प्रत्येक गोष्टीला आधी "बघू" म्हणतो. आताही म्हणाला, "बघू."

"बघू काय? मुलगी कुणी वाढवली?"

"तू, ताई."

"मग?"

"पण स्कोला म्हणत होती की..."

स्कोलाचं नाव निघालं की माझं डोकं तडतडायला लागतं. स्कोला म्हणजे आमचं शेंडेफळ. नवऱ्याचं कंपालात हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे गावी आली की ती आमच्या दाराच्या बिजागऱ्यांकडे कीव आल्यासारखी बघते. रेस्टीची आई गेली तेव्हा रेस्टी चार वर्षांची होती. तिचा ताप मी उतरवला, तिच्या गणवेशाच्या बाह्या मी मोठ्या केल्या, ती वयात आली तेव्हा ज्या गोष्टी आत्यानं सांगायच्या असतात त्या मी सांगितल्या. या सगळ्या काळात स्कोला काय करत होती? दर नाताळला एक केक घेऊन येत होती आणि त्यातला अर्धा स्वतः खाऊन परत जात होती! आणि आता तिला क्वांजुलाची आत्या व्हायचं होतं!

भरल्या मांडवात, पाहुण्यांच्या घोळक्यातून नवरा मुलगा हुडकून काढायचा, त्याच्या छातीवर फूल टोचायचं आणि हाताला धरून त्याला मुलीच्या बापासमोर उभं करायचं. हे काम आत्याचं. एकाच आत्याचं! बाकीच्या आत्या असल्या काय नि नसल्या काय, जेवून घरी जातात. मी बावीस वर्षं त्या फुलाची वाट बघत होते, हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवायची गरज पडेल असंच वाटलं नव्हतं.

स्कोलानं कंपालाच्या छापखान्यातून सोनेरी अक्षरांची कार्डं आणायचं ठरवलं होतं, वर नवरा-नवरीचा फोटो. देओ दोन बहिणींमध्ये सापडला. शेवटी त्यानं त्याच्या परीनं न्याय केला.

"ताई, कार्डं तू कर. पाहुणे खूश झाले तर फूल तूच टोचायचं. काही घोळ झाला, तर मात्र स्कोला टोचेल."

"घोळ? माझ्या हातून?" मी इतक्या मोठ्यानं हसले की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या!

आता ठसे कसले मारायचे, हा प्रश्न होता. आमचं देवक अळंबी. अळंबी आम्ही खात नाही, उपटत नाही, पायाखाली येऊ देत नाही; तिला सुरी लावणं तर लांबच राहिलं. मुलाकडच्यांचं देवक नाकतोडा. देवक बापाकडून येतं. दोन देवकं वेगळी, म्हणून तर सोयरीक जमली. एका देवकाची मुलं म्हणजे भाऊ-बहीण! त्यांचं लग्न लावून देणाऱ्या घरात कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही.

पहिल्यांदा मी पाहुण्यांच्या मानासाठी नाकतोडा करून बघितला. मिरचीचं धड केलं, घेवड्याच्या शेंगांचे पाय केले, कांद्याच्या छोट्या चकतीचा डोळा केला. मोठ्या कौतुकानं रेस्टीला हाक मारली.

रेस्टीनं कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "आत्या, ही मोटारसायकल आहे का गं?"

नाकतोडा रद्द!

मग मला ते सुचलं. नवऱ्या मुलाचा बाप कोस्मा मोठा बागाईतदार. बारकी पांढरी वांगी पिकवतो, आठवड्याला ट्रक भरून कंपालाला पाठवतो. मग त्याच्या मुलाच्या नावावर वांग्यापेक्षा मानाचं दुसरं काय असणार? ठरलं! कार्डाच्या पुढच्या बाजूला भेंडीच्या चकत्यांची फुलं आणि खाली नाव रेस्टी. मागच्या बाजूला देठासकट उभं चिरलेलं वांगं आणि खाली नाव बोनिफास. हे मी स्वतःशी ठरवलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच टाळी वाजवली.

अॅव्होकॅडोच्या बिया उकळून मी छान तांबूस तपकिरी रंग काढला. कसाव्याच्या पिठाची खळ घालून तो दाट केला, ताटलीत जुन्या टॉवेलची घडी ठेवली आणि तिच्यात जिरवला. कापलेली भाजी आधी फडक्यावर टिपून घ्यायची, नाहीतर तिचं पाणी सुटून ठसा पसरतो. हे पोरांना दर वर्षी सांगायची आणि दर वर्षी पोरं ऐकायची नाहीत. जाड कागदाचे सत्तर तक्ते मी टेबलावर पसरले. वरच्या अर्ध्या भागावर वांगं, देठ वर. खालच्या अर्ध्या भागावर भेंडी. ठप, ठप, ठप! अडीच दिवसांत सत्तर. वाळल्यावर मधोमध घडी घातली, कार्डं छपरासारखी उभी केली आणि मग दोन्हीकडे माझ्या वळणदार अक्षरात नावं लिहिली.

आता, कागद घडी घालून उभा केला की वरचा अर्धा भाग मागे जातो आणि मागे जाताना डोक्यावर उभा राहतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिसरीच्या पोरांच्या कार्डांवर दर वर्षी निम्मे पक्षी पाय वर करून पडलेले असायचे आणि मी त्यांचे गुण कापायचे. पण या वेळी घाई होती, आणि मागचं वांगं उलटं झालंय हे दिसल्यावर मी म्हटलं, जाऊ दे! देठ खाली गेला म्हणून वांग्याचं काय बिघडतं? वांगं ते वांगंच!

देओनं कार्डाची पुढची बाजू बघितली, "छान" म्हणाला आणि मंडपवाल्याला फोन लावायला गेला. मागची बाजू बघितली नाही.

क्वांजुलाच्या दिवशी अंगणात दोन मांडव समोरासमोर. इकडे आम्ही, तिकडे पाहुणे. पुरुष पांढऱ्याशुभ्र पायघोळ कांझूत, बायका रेशमी बुसुटीत. मी नवी हिरवी बुसुटी नेसून अगदी पुढच्या रांगेत, मांडीवर फूल घेऊन बसले. माझ्या मागे स्कोला. तिच्या अत्तराचा वास माझ्या मानेवर बसत होता.

पाहुणे आले. टोपल्या आल्या, साखर आली, मांस आलं, कोस्माच्या बागेतली वांगी टोपल्या भरभरून आली. सत्तर जण खुर्च्यांवर बसले आणि त्यांनी ग्रीटिंगं हातात घेतली. सगळ्यांनी आधी पुढची बाजू बघितली. बायका एकमेकींना भेंडीची फुलं दाखवू लागल्या. मी मान वळवून स्कोलाकडे बघितलं. बघणारच!

ऊन तापलं होतं. पाहुण्यांनी कार्डं घेतली आणि वारा घ्यायला सुरुवात केली. झालं! सत्तर कार्डांच्या सत्तर मागच्या बाजू आमच्याकडे तोंड करून हलायला लागल्या.

आमच्या मांडवात एकदम शांतता पसरली. मी म्हटलं, कौतुकानं बघतायत.

कार्यक्रमाला आम्ही भाड्यानं एक बोलका माणूस आणला होता. दोन्ही घरांमध्ये बोलणी करायची आणि मध्ये मध्ये लोकांना हसवायचं, एवढंच त्याचं काम. तो नेहमीसारखा विनोद करत उभा राहिला, समोर बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा!" तो ओरडला. "जावईबापू येतानाच आमचं देवक मिरवत आले की! आता मागणी कशाला घालता? हे तर आमचेच झाले! अळंबीचा पोरगा अळंबीच्या घरी!"

कुणीही हसलं नाही.

समोरच्या सत्तर जणांनी एकदम कार्डं उलटी करून मागची बाजू बघितली. आणि मीही नमुन्यादाखल केलेलं, माझ्याजवळचं एकाहत्तरावं कार्ड उलटं केलं. गोल टोप, खाली जाड दांडा, तपकिरी रंग, आणि दांड्याखाली माझ्या वळणदार अक्षरात "बोनिफास". आई गं!

देओ मागून वाकून माझ्या कानात म्हणाला, "ताई! देवकाला सुरी लावलीस?"

"वांगं आहे ते!"

"वांग्याला पाय असतो?"

"अरे देठ आहे तो! उलटं धर!"

देओनं कार्ड उलटं धरलं. "आता बोनिफास उलटा झाला."

एवढ्यात पलीकडच्या मांडवात बोनिफासचा थोरला काका काठी टेकत उभा राहिला. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, पण आवाज कसला! "आमचा पोरगा नाकतोड्याचा! त्याच्या नावावर अळंबी कुणी काढली? मुलीकडच्यांना काय म्हणायचंय? की हा पोरगा कोस्माचा नाही? आमच्या घरच्या सुनेबद्दल बोलताय तुम्ही?"

बघा कसं असतं ते. तोपर्यंत हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हाताऱ्यानं स्वतःच मोठ्यानं बोलून दाखवलं, आणि मग ते सत्तरच्या सत्तर डोक्यांत शिरलं. बायका कोलेताकडे बघायला लागल्या. कोलेता म्हणजे बोनिफासची आई. तिनं हातातलं कार्ड मांडीवर पालथं घातलं.

"वांगं आहे हो काका!" मी फूल खुर्चीवर ठेवून पुढे धावले. "तुमच्याच कोस्माच्या बागेतलं म्हणून मानानं काढलं!"

"दाखवा!" म्हातारा म्हणाला. "आमच्यासमोर ठसा मारून दाखवा!"

"आत्ता दाखवते!" तीस वर्षांची शिक्षिका मी, मला प्रात्यक्षिकाचं आव्हान! रंगाची ताटली आणवली, कोरा कागद आणवला आणि पाहुण्यांनीच आणलेल्या टोपलीतलं वांगं उचललं. उचललं आणि देठ शोधायला फिरवलं. क्वांजुलाला टोपली देखणी दिसावी म्हणून कोस्माच्या माणसांनी एकूण एक वांग्याचे देठ खुडून टाकले होते!

सगळे बघत होते. मी वांगं उभं चिरलं. टिपायचं विसरले. ठप! कागदावर एक गोल डाग उमटला आणि पसरत चालला.

म्हाताऱ्यानं एका हातात तो डाग धरला आणि दुसऱ्या हातात माझं कार्ड. "हे वांगं," तो म्हणाला. "आणि हे?"

"त्याला देठ होता..."

"आता देठ होता म्हणे! कोलेता कुठे आहे? बोलवा तिला. ही मास्तरीण उगाच असलं काही काढणार नाही, हिला कुणीतरी काहीतरी सांगितलंय. आज सगळ्यांसमोर निकाल लागू दे. नाहीतर टोपल्या परत ट्रकात घाला!"

दोन पोरांनी खरंच एक टोपली उचलली. कोलेताची खुर्ची रिकामी होती.

मी स्वयंपाकाच्या झोपडीकडे पळाले. देठासकट एक वांगं मला हवं होतं, एक! पण आचारी बाईनं सकाळीच सगळी वांगी चिरून पातेल्यात टाकली होती. "देठ?" ती म्हणाली. "ते बकरीला घातले." झोपडीमागे बकरी शेवटचा देठ चावत होती. माझा पुरावा माझ्यासमोर तिच्या घशाखाली उतरला.

तिथेच, केळीच्या पानांच्या ढिगाआड, कोलेता उभी होती.

"विहीणबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"सत्तर जणांच्या हातात दिलंत, आणि वर मलाच विचारता?"

"अहो, खरंच वांगं आहे ते! घडी घातली आणि देठ खाली गेला. तुमची शप्पथ!"

"मला तरी फसवू नका. मी भांडणार नाही. एवढंच सांगा, तो माणूस मरायच्या आधी कुणाजवळ बोलला का?"

"कुठला माणूस?"

मग तिला कळलं की मला काहीच माहीत नव्हतं. पण तोवर उशीर झाला होता. तिनं तोंडावर हात ठेवला, आणि मग तो काढून सगळं सांगितलं. हे तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही लांबचे. इकडे कुणाजवळ बोललात तर मी साफ नाही म्हणेन! अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांच्या गावी कॉफीच्या गिरणीचं यंत्र दुरुस्त करायला एक माणूस आला होता. दोन महिने राहिला. अळंबीचा होता. पुढे कधीतरी मेला. बोनिफास त्याचा.

"कोस्माला?"

"माहीत नाही. पोरालाही नाही. कोस्माचा जीव आहे हो त्याच्यावर."

"आणि मुलगी अळंबीची आहे हे कळल्यावरही तुम्ही गप्प बसलात?"

"तीन दिवस घास उतरला नाही घशाखाली. पण पोराला थांबवू काय सांगून? कोणत्या तोंडानं?"

मी पालथ्या घातलेल्या टोपावर बसले. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? लाज वाटते सांगायला. पहिला विचार आला तो हा, की म्हणजे माझा ठसा बरोबर होता!

दुसरा विचार आला तो त्याहून वाईट. बाहेर जाऊन एक वाक्य बोलले असते तर सगळं माझ्या बाजूनं फिरलं असतं. कुळाची लाज राखणारी बाई म्हणून माझं नाव झालं असतं, देओ पाया पडला असता आणि स्कोलाला तोंड लपवायला जागा उरली नसती. शिवाय खरं तेच बोलले असते! देवकाचा नियम मी मोडला नव्हता, या बाईनं मोडला होता. मला तिचा राग आला, फार राग आला. आणि तेवढ्यात घरातून रेस्टीचं हसणं ऐकू आलं. मैत्रिणी तिला सजवत होत्या. बाहेर काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता.

आमच्या कुळात लाखांनी माणसं आहेत. तो गिरणीवाला कुठल्या टोकाचा कोण होता, कुणास ठाऊक. मी स्वतःला असं सांगितलं. पटलं नाही. आजही पटत नाही. पण मी उठले.

"तुम्ही जाऊन जागेवर बसा," मी कोलेताला म्हटलं. "पोट दुखत होतं म्हणून सांगा. आणि रडू नका, डोळे सुजतात."

ती गेल्यावर मी मांडवांच्या मधोमध जाऊन गुडघे टेकले.

"ऐका हो पाहुणे! मी मघाशी खोटं बोलले. वांगं नाही ते. अळंबीच आहे!"

देओ "ताई!" म्हणाला. फार हळू म्हणाला, पण मला ऐकू आलं.

"आमचं देवक किती देखणं आहे ते सगळ्यांनी बघावं, अशी हौस होती. म्हणून मीच अळंबी चिरली आणि ठसे मारले. पुढे भेंडीनं जागा खाल्ली म्हणून मागे मारले. त्याखाली कुणाचं नाव येतंय, त्याचा अर्थ काय होतो, एवढी अक्कल मला नव्हती. मुलाच्या आईबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही आणि सांगण्यासारखं काही नाहीही. मी मूर्ख बाई आहे, एवढंच आहे!"

म्हातारा काठीवर वाकला. "म्हणजे स्वतःच्याच देवकाला सुरी लावलीत?"

"लावली."

"आणि शाळेत शिकवायच्या म्हणे?"

"तीस वर्षं."

"त्या पोरांचं काय झालं असेल!"

आधी म्हातारा हसला, मग कोस्मा हसला, मग सत्तरच्या सत्तर जण हसले. आमचा भाड्याचा बोलका तर इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं! कोस्मा सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. पोरांनी टोपली खाली ठेवली. कोलेता जागेवर येऊन बसली होती आणि मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

आमच्या बाजूला मात्र कुणी हसत नव्हतं. आमचे वडीलधारे तिथल्या तिथे उठून बाजूला गेले, डोकी जोडून बोलले आणि परत आले. देवकाला सुरी लावल्याबद्दल एक बकरी दंड. आणि दोन वर्षं कुळाच्या कुठल्याही कार्यात मी पुढच्या रांगेत बसायचं नाही. बकरी लगेच द्यावी लागली. तीच, वांग्याचे देठ खाल्लेली! जाताना तृप्त दिसत होती.

देओ माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल झाले होते. "ताई, आत जा. फूल स्कोला टोचेल."

"देओ, माझं ऐक..."

"काय ऐकू? वांगं म्हणालीस, मी ऐकलं. अळंबी म्हणालीस, तेही ऐकलं. आता तिसरं काय सांगणार आहेस?"

तिसरं काय ते मला माहीत होतं. मी आत गेले.

स्वयंपाकाच्या झोपडीच्या बोरूंच्या भिंतीतल्या फटीतून मी सगळं बघितलं. स्कोला फूल घेऊन, मान ताठ करून, पाहुण्यांच्या मांडवात शिरली. एक फेरी मारली, दुसरी मारली. बोनिफासला तिनं आयुष्यात कधी प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं! तिसऱ्या फेरीला ती त्याच्या चुलतभावाच्या छातीवर फूल टोचायला निघाली, तेव्हा शेवटी बोनिफासनंच बोट वर केलं. सगळ्यांना ते फार गोड वाटलं. टाळ्या वाजल्या. मी कांदे चिरायला घेतले, म्हणजे कुणी काही विचारायला नको.

रेस्टी नटून बाहेर आली, गुडघे टेकून पाहुण्यांना नमस्कार केला आणि बापाशेजारी बसली. तिची नजर पुढच्या रांगेत फिरली, माझ्या खुर्चीवर थांबली. तिथे स्कोलाची पर्स होती.

चर्चमधलं लग्न पुढच्या महिन्यात झालं. मी चौथ्या रांगेत, खांबामागे बसले. कोलेता एकदा समोरून गेली, तेव्हा दोघींनी मान हलवली, अनोळखी बायका हलवतात तशी.

पहिल्या माहेरपणाहून परत सासरी निघायच्या आदल्या दिवशी रेस्टी माझ्या घरी आली. आम्ही दोघी शेंगा सोलत बसलो होतो. ती शेंगांकडे बघतच म्हणाली, "आत्या, रागावू नकोस. तिकडे माझ्याकडे आलीस ना, की त्या ग्रीटिंगांचा किस्सा कुणाला सांगत बसू नकोस. सासूबाईंना नाही आवडत. तुझं नाव निघालं तरी उठून आत जातात."

"बरं."

"नुसतं बरं म्हणू नकोस. मला माहीत आहे ना तुझा स्वभाव. तुझ्या पोटात काही म्हणून राहत नाही."

मी तिच्या पदरात पडलेली टरफलं झटकली.

"नाही राहत गं," मी म्हटलं.